मायना

महापे, डी ब्लॉक, दुसरा मजला.
आम्ही वजनकाटे बनवतो,
म्हणजे लोखंड राजकोटहून येतं
आणि आम्ही त्यात आकडा घालतो.

वजन.एच नावाच्या फाइलच्या डोक्यावर
सत्तावीस ओळी होत्या. काहीच न करणाऱ्या.
तू बोर्लंड असशील तर असं वाच,
वॉटकॉम असशील तर तसं,
आणि ओळखीतला कुणीच नसशील
तर इथेच थांब, पुढे येऊ नकोस.

बोर्लंड आता कुठे आहे?
मी सत्तावीसच्या सत्तावीस उडवल्या,
टपरीवर जाऊन कटिंग प्यायलो.
पारसिकच्या डोंगरावर खाणीची धूळ होती,
हात झटकावेत तसं बरं वाटत होतं.

वर आलो तर लिंकर म्हणतो,
वजन_घे सापडत नाही.

अरे, समोर बसलंय की!
पण तो वजन_घेला शोधतच नव्हता.
नव्या कंपायलरने त्याच्या अंगावर
पुढून एक झेड, एक नऊ,
मागून एक व्ही चढवला होता,
आणि त्या नावाने हाका मारत
लिंकर सगळ्या फाइलींतून फिरत होता.
जुन्या घरात या नावाचं कुणी राहतच नाही.

मग आठवले वडिलांचे कार्ड.
वर मधोमध श्री,
मग तीर्थरूप की चिरंजीव,
साष्टांग नमस्कार की अनेक उत्तम आशीर्वाद,
घेणारा बघून मायना.
मजकूर दरवेळी एकच असायचा:
पैसे पोचले नाहीत.

बॅकअपमधून जुनी फाइल काढली.
या वेळी वाचली.
नोव्हेंबर ९३, हे. र. गुप्ते, पहिली प्रत.
मार्च ९४, हे. र. गुप्ते, बोर्लंडसाठी फेरफार.
जून ९५, वै. नि. प्रधान,
सी प्लस प्लससाठी कंस घातला,
आणि पुढे रोमन लिपीत मराठी:
आतली नावं आहेत तशीच ठेवणे.

दोघांची इंडेंटेशन सारखी. तीन स्पेस.
तीन स्पेस कोण देतं?

सर्व्हिसच्या हसुराम भोपीला विचारलं.
पावण्याचा माणूस, कंपनीच्या शेडखाली
त्याच्या काकांचं खाचर होतं.
तो म्हणाला, दोघं कुठली, एकच बाई ती.
हेमांगी मॅडम. लग्नानंतर वैदेही झाली.
आम्ही हेमांगीच म्हणायचो, ती ओ द्यायची.
साहेबांनी वैदेही म्हटलं
तर दुसऱ्या हाकेला वळायची.

यावर मी काही बोललो नाही.
माझ्या लग्नात, ताटातल्या तांदळावर
अंगठीने नवीन नाव मीच कोरलं होतं.
अक्षर छान आलं म्हणून फोटोही काढला.
मागच्या महिन्यात वाशीच्या बँकेत
तिच्या आईची ठेव मोडायला गेलो,
खिडकीतला मुलगा म्हणाला,
या नावाचं वारस कुणी दिसत नाही.
गॅझेटची प्रत आणा.
ती शेजारीच उभी होती, पर्स धरून.
समोर बसलंय की, असं
त्या दिवशी मी म्हणालो नव्हतो.

सत्तावीस ओळी परत ठेवल्या.
बोर्लंडच्याही. असू देत, म्हातारा आलाच कधी
तर दारात नमस्कार तरी मिळेल.
कंस उघडला, नावं आत घेतली,
फाइलीच्या तळाशी तो बंद झालाय ना
हे दोनदा पाहिलं.
वरच्या यादीत तारीख घातली.
नावाच्या जागी बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
मग लिहिलं, बदल काही नाही.

संध्याकाळी कांदा-बटाटा मार्केट, जी गल्ली.
हसुरामने काट्याचं झाकण लावलं,
बोटाला थुंकी लावून काच पुसली.
लाल आकडे जरा थरथरले, शून्यावर आले.
त्याने शेजारच्या गोणीतून
एक कांदा काढून पारड्यात ठेवला.
एकशे बारा ग्रॅम, म्हणाला,
काटा नव्हे, तो स्वतः, न बघता.
मग आम्ही दोघं वाकून बघू लागलो.