आवाज तीन

पहाटे नवी आवृत्ती उतरली,
बर्फासारखीच, बिनबोभाट.
बिर्झाईत उजाडायला अजून तीन तास.
चहा ठेवला आणि 'नवीन काय' वाचायला बसले.

एकमेकांवर आदळणारे स्वर आता आपोआप दूर सरकतील.
वाजवताना यंत्र मधूनमधून श्वास घेईल:
थोडा, मध्यम, माणसासारखा.
जुन्या ध्वनिफितीतले आवाज सुटे करून
ज्याला त्याला स्वतःच्या पाच रेघा मिळतील.

हे शेवटचं मी दोनदा वाचलं.

कॅसेट शिवणाच्या डब्यात होती.
अपोलोनिया आत्या आणि तिची जाऊ टेक्ले,
चौऱ्याऐंशीचा मार्च, स्वयंपाकघर.
रेकॉर्डर बाबांच्या हातात,
कारण घरात हात रिकामे तेवढेच.

आमच्या सुतार्तिनेत दोघी जणी
शेजारशेजारचे सूर धरतात आणि हटत नाहीत.
एका दोरीला दोन घंटा बांधाव्यात, तसं काहीतरी.
कागदावरसुद्धा ती दोन टिंबं एका रेघेत मावत नाहीत,
दांडीच्या अल्याड एक, पल्याड एक,
बाकावर जागेसाठी भांडल्यासारखी.
आत्या म्हणायची,
गोड लागलं की समजावं, कुणीतरी चुकलंय.

यंत्राने बारा मिनिटं विचार केला
आणि एक्केचाळीस ठिकाणी लाल रेघ मारली.
'अंतर फार कमी. वरचा स्वर आणखी वर घ्यावा?'
नको.
'वरचा स्वर आणखी वर घ्यावा?'
नको.
'सगळं सुधारा' असं बटण आहे.
'सगळं राहू दे' असं बटण
या आवृत्तीत अजून आलेलं नाही.
एक्केचाळीस वेळा नको म्हणता म्हणता
माझ्या तोंडाला आत्याचं वळण आलं.

टेक्लेच्या खोकल्याला त्याने विराम मानलं.
बादलीच्या कडीला त्रिकोण, पितळी.
चुलीच्या झाकणाला ढोल.
हे मी तसंच ठेवलं,
मन लावून वाजवलं होतं चुलीने.

मग दुसऱ्या पानावर, सगळ्यात खाली:
आवाज तीन.
एकोणिसाव्या घरापासून बाविसाव्यापर्यंत.
दोनच स्वर, आलटून पालटून.
'खात्री बासष्ट टक्के. वाद्य: बहुधा बासून.'

बाकीच्या दोघींना गप्प केलं आणि ऐकलं.
फितीची खरखर. तिच्या तळाशी
माइकला सगळ्यात जवळचा माणूस.

देवळात नुसते ओठ हलवणारे बाबा.
ट्रॅक्टर आवाजावरून ओळखायचे,
कुठला नट सैल आहे ते अंगणातून सांगायचे,
आणि गा म्हटलं की,
कान देताना देव गळा विसरला, एवढंच.
लग्नात, मयताला, माझ्या पाळण्यापाशीही एवढंच.

आत्याचाच सूर धरलाय त्यांनी,
केसभर खाली.
म्हणजे तिथेही लाल रेघ, बेचाळिसावी.
आधी मोजताना सुटली होती.
बाविसाव्या घरात एकदम थांबतात,
आपलाच आवाज कानावर आला असावा.

यंत्र नाव मागतं.
यादीत बासून आहे, तुबा आहे, 'पुरुष, समूह' आहे.
मी फेलिक्सास लिहिलं. पुसलं.
बाबा लिहिलं. पुसलं.
आत्ता तिथे 'आवाज तीन' आहे,
यंत्राने ठेवलेलं.

'रिकाम्या रेघा लपवा' हे मुळातच चालू असतं,
म्हणून पहिल्या पानावर दोघीच,
तिसऱ्यावरही दोघीच.
मधल्या पानावर तेवढे ते,
जेवायला वेळ आहे का बघायला
दारापर्यंत येऊन गेल्यासारखे.

छापण्याआधी एकदा वाजवून पाहिलं,
श्वास: माणसासारखा.
यंत्राने त्यांच्या ओळीत, विसाव्या घराच्या शेवटी,
एक स्वल्पविराम घातला. श्वासाची खूण.
कॅसेट पुन्हा लावली. पुन्हा लावली.
चारही घरं त्यांनी श्वास घेतलेलाच नाही.

खूण काढून टाकली.
खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं,
लांब, एकसारखं,
आणि चहा गार झाला होता.