बिडाची फूटपट्टी

उद्या दहाला दसरा चौकातलं कलादालन उघडेल.
चौदा फ्रेमा हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या,
शिक्षा झाल्यासारख्या,
आणि मी मांडी घालून
किमतीच्या चौदा कोऱ्या पट्ट्यांसमोर.

लग्नाचा हिशेब मला येतो:
दोन दिवस, एक अल्बम, ड्रोन वेगळा,
हळदीला कुणी जेवायला विचारलं नाही
तर मनातल्या मनात त्याचेही पाचशे.
नऊ वर्षं हेच केलं.
खरं ह्या फोटोंना मला कुणी बोलावलंच नव्हतं.

छपाई पुण्याची, अकराशे.
फ्रेम लक्ष्मीपुरीतल्या बशीर मोमीनची, साडेआठशे;
काच चमकायला नको म्हटल्यावर वर दोनशे.
हॉलचं भाडं भागिले चौदा.
बिस्किटं, फीत, भाड्याची समई.
आणि उद्यमनगरातल्या त्या चार पहाटा,
रस कधी ओततायत ह्याची वाट बघत
लेन्सवर काळी वाळू बसू दिलेल्या,
त्यांचं काय लावायचं?

परवा महिपती सुतार आले होते.
पॅटर्नमेकर. बत्तीस वर्षं सागवान तासून
पंपांची, पुलींची अंगं घडवतायत.
सातव्या फोटोत त्यांचेच हात आहेत.
फ्रेम उचलून बघितली. "अडीच किलो.
किलोवर लावणार काय?"

मी सांगितलं, एकेका फोटोच्या दहाच प्रती,
खाली पेन्सिलीनं एक भागिले दहा, दोन भागिले दहा,
अकरावी कधीच नाही.
"म्हणजे पॅटर्न मोडणार?"
मोडत नाही, काका. नुसता वापरायचा नाही.
बराच वेळ गप्प.
"आमच्यात असं कोण करत नाही.
खरं आमच्यात सहीपण कोण करत नाही."

मग खिशातून पितळी फूटपट्टी काढली.
"हिच्यावरचा इंच जरा मोठाय.
बीड निवताना आकसतं, शंभराला एक.
पॅटर्न तेवढा जास्तीचा धरायचा,
मग वस्तू मापात येती."
जाता जाता म्हणाले,
"माणूस त्याहून आकसतंय. तुझं तू बघ."

मनात चार हजार होते.
पट्ट्यांवर पंचेचाळीसशे लिहिलं.
सातवीवर दोनदा खोडून पुन्हा तेवढंच.

विकल्याच्या लाल खुणा आणायला विसरले,
म्हणून महाद्वार रोडवरून टिकल्यांचं पाकीट,
लाल, मध्यम.
पहिल्या दिवशी पाकीट उघडलंच नाही.
"कॅमेरा कुठला?" सतरा जणांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतले एक गुळाचे अडते,
नवीन ऑफिस, मोकळी भिंत.
बाराव्यासमोर थांबले: सुट्टीचा दिवस, बंद भट्टी,
सळईवर वाळत घातलेला एक शर्ट.
हा तर मी लावणारच नव्हते.
"दोन घेतले तर?"
एकच घ्या, म्हणाले, आणि माझी मलाच भीती वाटली.
"चार देतो."
चार. मापात.
टिकली काचेला लावायची की पट्टीला,
कुणीच शिकवलं नव्हतं;
ती आधी माझ्या अंगठ्यालाच चिकटली.

रविवारपर्यंत चार फोटो गेले.
भाडं निघालं, फ्रेमा अंगावर.

संध्याकाळी महिपतीकाका आले, धुतलेला शर्ट,
चपला दाराबाहेर काढून,
तसं काही नसतं म्हटलं तरी.
सातव्यापुढे हात मागे बांधून उभे.
त्याला टिकली नव्हती.
काका, हा तुम्हालाच...
"नको, नको. एवढी भिंत कुठाय आमच्यात.
ही दे." बोट पट्टीवर.
"सुनंला दाखवतो."

नखानं सोडवून दिली.
चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही थोडा आला.
त्यांनी लांब धरून वाचली,
शेवटचा आकडा दोनदा,
आणि फूटपट्टीशेजारी खिशात ठेवली.

"हे हातांचं का फोटोचं?"
दोन्हीचं मिळून, काका.
"मग जास्तीचं धरलंच नाहीस तू,"
म्हणाले, आणि बाहेर
चपला शोधायला लागले.