मापाचा कागद

तिचा चेहरा जगाच्या मालकीचा.
आमच्याकडे फक्त पाय आहेत,
शाहूपुरीतल्या गूळ-अडत्याच्या पावतीमागं
सुतारी पेन्सिलीनं काढलेले, दोन.

बासष्ट साली पन्हाळ्यावर इटलीची कंपनी उतरली.
भाड्यानं आणलेले दोन म्हातारे हत्ती,
आणि हिंदुस्थानची राणी म्हणून इल्का वेरेन.
मूळची हंगेरीची, पासपोर्ट फ्रान्सचा,
पडद्यावरचा आवाज रोममधल्या भलत्याच बाईचा.
दुसऱ्या दिवशी तीन दरवाज्याच्या फरशीत
राणीची टाच मोडली.
जीप गड उतरून आली ती थेट आमच्या गल्लीत,
बापाच्या रापीपाशी थांबली.

केरबा डोईफोडे.
ज्याला गडावरच्या खानावळीत
चहा बाहेर, वेगळ्या कपात मिळायचा,
त्याच्या गुडघ्यावर तिनं पाय ठेवला.
"ठेवला म्हंजे ठेवला," बाप सांगायचा,
"इचारलं न्हाई, बिचारलं न्हाई,
वर माझ्याकडंच बिडी मागितली."

पेन्सिल कडेनं फिरली.
डावं पाऊल उजव्याहून अर्धा बोट लांब.
अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्याही पुढं
(आमच्यात म्हणतात, अशी बाई नवऱ्याला भारी;
तिनं तीन केले, तिन्ही सोडले, असं पेपरात आलं पुढं).
कंपनीचे बूट मात्र दोन्ही एका मापाचे.
बापानं डावी डाव्याएवढी केली, उजवी उजवीएवढी.
त्यात काय मोठं, म्हणायचा.
आईनं कंदिलाखाली रात्रभर वेणी घातली,
ती बाई तिनं कधीच बघितली नाही.
सकाळी इल्का वेरेन अंगणाएवढ्या जागेत
गेली, आली, गेली,
चपला करकरल्या,
आणि काहीतरी बोलली.
दुभाष्या म्हणाला, "बाई म्हणत्यात, पहिल्यांदाच."
काय पहिल्यांदाच, ते त्यानं सांगितलं नाही.

सिनेमा चार वर्षांनी आला, मॅटिनीला.
राणी कमरेपासून वर होती.
"आरं, खाली दाव की!" बाप ओरडला,
पब्लिकनं भलताच अर्थ घेऊन शिट्ट्या मारल्या.

मग ती गेली. माद्रिदमध्ये डाकूची बायको,
टोकियोत हेर, बर्लिनमध्ये बँक लुटणारी,
अमेरिकेत तीन सिनेमे, तिन्हीत रशियन, तिन्हीत मरते.
कुठल्याशा समुद्राकाठी पायऱ्या उतरते सोनेरी झग्यात,
खाली शंभर कॅमेरे.
अख्खं थेटर श्वास धरून वर बघतंय
आणि माझ्या शेजारी बाप, मान खाली घालून:
"डावा काचतोय तिला."

नंतर येईनाशी झाली.
थेटरं गेली, एकाचं मंगल कार्यालय झालं.
आईही गेली. बापाच्या डोळ्यांत फूल पडलं,
वादी ओवायला मी, नुसता वास घेऊन
कातडं कच्चं की पक्कं सांगायला तो.

केबलवर एका रात्री कुठलीशी जर्मन मालिका लागली.
पोलीस, पाऊस, शवागार.
पांढऱ्या चादरीखाली कुणी म्हातारी,
तोंड झाकलेलं, पावलं उघडी,
अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली.
बाप बाजेवर उठून बसला.
टीव्हीच्या इतका जवळ गेला की काचेवर वाफ धरली.
"हीच."
मी म्हटलं, "कशावरनं?"
"डावं बघ. आज बिनबुटाचं हाय."

शेवटी नावं पळाली, मुंगीएवढी,
परक्या लिपीत. मला लागली नाहीत.
तोवर त्यानं ट्रंक उपसली होती,
पासबुकं, आईचा एक डाग, रेशन कार्ड,
आणि तळातून तो कागद.
चार घड्या उलगडून दोन्ही हातांनी
त्यानं पडद्यावर धरला, मापाला माप लावत.

पडद्यावर तेव्हा साबणाची जाहिरात होती.
मी काही बोललो नाही.
कागदातून उजेड येत होता,
पावलांच्या आतून पाठीमागचा हिशेब
उलटा दिसत होता:
रवे चाळीस, तोलाई वजा, बाकी येणे.