आंबट

बावीस सायकलस्वार, बावीस बाटल्या.
झाकणांवर नुसते आकडे.
कुणाला जीवनसत्त्वं आणि कुणाला मक्याचं पीठ,
तो कागद प्राध्यापिकाबाईंच्या तिजोरीत.
मलाही ठाऊक नाही. मी मोजते, एवढंच:
सकाळी दोन, रात्री दोन, बारा आठवडे,
आणि शनिवारी बोटाच्या टोकातून रक्त.

सोळा नंबर म्हणजे योरन व्हॅन्डरमीरेन.
वय तेवीस. गुडघ्यावर गेल्या हंगामाची शिवण.
आई स्केल्डच्या काठी नासपती विकते.
पूर्वेचा वारा अंगात भरूनच तो आत येतो,
कान लाल, ओठ निळे,
आणि बूट बांधायच्या आधी विचारतो,
"लीसेलोट, मी कुठला? खरा की पिठाचा?"

मी म्हणते, मुखवटा लाव. पेडल मार.

इथली सायकल कुठेच जात नाही.
समोर भिंत, भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर.
दर तीन मिनिटांनी मी ओझं वाढवते
आणि तीनशे ऐंशी वॅटच्या पुढे
त्याचा चेहरा असा होतो
की घरच्यांनी तो पाहू नये.
घाम हँडलवरून टपकतो
खाली अंथरलेल्या जुन्या टॉवेलवर.

एकदा दम खाताना त्याने विचारलं, यात असतं काय?
मी म्हटलं, ज्या हवेवर तू चालतोस
तीच तुला आतून थोडी थोडी गंजवते.
"म्हणजे चिरलेली नासपती," तो म्हणाला,
"काळी पडू नये म्हणून आई फोडींवर लिंबू पिळते."
तसंच काहीसं.
पण बाईंना वेगळीच शंका आहे, हे मी बोलले नाही:
की ती धग म्हणजेच निरोप असेल,
आणि घाव उठायच्या आतच पुसला
तर दगडाला कळावं कसं
की आपल्याला घडायचंय?

पाचव्या आठवड्यात त्याने कॅप्सूल दाताखाली फोडली.
सकाळी सहाला फोन. "आंबट आहे! लीसेलोट, आंबट!"
मी वहीत लिहिलं: सोळा. कॅप्सूल फोडली. चव घेतली.
आणखी काय लिहिणार?
त्याचा आवाज लिहायला रकाना नव्हता.

मग एप्रिलभर तो उडतच होता.
कोपेनबर्गच्या ओल्या दगडांवर,
जिथे बाकीचे उतरून सायकल ढकलतात,
तिथे हा बसून चढला म्हणे.
कुठल्याशा गावजत्रेच्या शर्यतीत चौथा आला,
बक्षिसात चीजचं अख्खं चाक,
त्यातली एक फोड प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये
नमुन्यांच्या खालच्या कप्प्यात,
नियमाविरुद्ध.

तीन नंबरचा मात्र रोज कुरकुरायचा:
माझं पीठच आहे, मला कळतं, पाय शिसं झालेत.

मे महिन्यात तिजोरी उघडली.
दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींवर अशा पडल्या
की बाईंनी चष्मा काढून पुसला.
तीन नंबर: जीवनसत्त्वं, पूर्ण मात्रा.
सोळा: मक्याचं पीठ
आणि चिमूटभर लिंबूसत्त्व,
कारण आल्स्टचा औषधवाला म्हातारा आहे
आणि पोरं चावून बघतात हे त्याला माहीत आहे.

योरन बुटाची नाडी सोडत बसला होता.
सुटलेलीच नाडी पुन्हा सोडत.
बाहेर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं,
पंपाचे ठोके मी मोजले, सवयच आहे. एकवीस.
मग तो म्हणाला,
"उरलेल्या गोळ्यांचं काय करता?"
नष्ट करतो, मी म्हटलं. मोजून. दोन सह्या लागतात.
"हं."

मी पाठ फिरवली, शिक्का शोधायला.
शिक्का टेबलावरच होता.

वहीत शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे:
सोळा. शिल्लक अपेक्षित अठरा, प्रत्यक्षात चौदा.
चार कमी.
कारण: माहीत नाही.