नमुना

पहाटे पाचला, जानोरीच्या टाकीवर
मी काचेच्या बरणीत लिटरभर इंधन घेतो
आणि पूर्वेकडे धरतो.
बरणीतून दिसतं द्राक्षबागांवरचं प्लास्टिक,
दिव्यांची रांग, जरासा तिरपा झालेला डोंगर.
पाण्यासारखं नितळ. वास तेवढा घासलेटचा.
मग पिवळी पुडी लावून बघायची.
हिरवी पडली तर आत पाणी आहे,
विमान थांबवायचं.
बारा वर्षांत एकदाच पडली.

पाण्यासाठी पुडी आहे.
धुरासाठी नाही.

शलाका बारावीत होती तेव्हा
भाकरी मोडता मोडता म्हणाली,
पप्पा, एक किलो जाळलं
की वर तीन किलोंहून जास्त वायू होतो.
मी म्हणालो, जाळल्यावर वस्तू कमी होते गं,
चुलीत बघ, मूठभर राख उरते.
ती म्हणाली, वाढीव वजन हवेकडून उसनं येतं.
उसनं.
एवढा एक शब्द माझ्या ओळखीचा निघाला.

मीटर फिरतं, मी आकडा लिहितो, वैमानिक सही करतो.
तीन प्रती: एक त्याला, एक कंपनीला, एक फायलीला.
चौथी कुणाला द्यायची, ते छापलेलं नाही.

मंगळवारी तिची बेंगळुरूला मुलाखत.
नाशिकहून रेल्वेनं एक दिवस, एक रात्र.
तिकीट तिनंच काढलं, माझी नजर चुकवून.
शेवटी एक चौकोन आला:
एकोणसाठ रुपये भरा, आम्ही झाड लावू.
तिनं खूण केली.
मी हसलो नाही.
धावपट्टीच्या तोंडाशी, वाघचौऱ्यांच्या बांधावर
एक कडुनिंब आहे.
दरसाल उंची मोजून त्याचा शेंडा छाटतात,
विमानाच्या वाटेत येतो म्हणून.

त्या दिवशी नळी मीच लावली.
अर्थिंगची तार, पंखाखालचं झाकण, सगळं नेहमीचं.
जरा कमी भरावं, असं मनात आलं.
आलं ते आलं.
कमी भरून कुणी पोचत नाही.
सांगितलं तेवढं भरलं, वर थेंब नाही.
आवाज दिंडोरीकडे गेला,
हवा थोडा वेळ थरथरत राहिली.

नमुना जपून ठेवायचा असतो, नियम आहे,
काही झालंच तर विचारायला.
मी चिठ्ठी चिकटवली: तारीख, वेळ, विमान.
कपाटाला कुलूप घातलं.

रात्री तिचा फोन. बरी झाली म्हणाली.
परत कशी येतेस, मी विचारलं.
ती काही बोलली नाही.
मागे कुठलीशी घोषणा चालली होती,
मी श्वास धरून ऐकत राहिलो.