तिसऱ्या गाण्यातला भोंगा

सतरा महिने.
एवढ्यात एखादं पोर चालायला लागतं,
आमचा बँड तेवढ्यात चालायचा थांबला.

मी गाडी हाकायचो. फोर्ड, आधी मासळीची,
तीनदा धुऊनही वास न सुटलेली.
लीड्सच्या पोरी नाक मुरडायच्या, मग नाचायच्या.

नाव ‘लम्पर्स’. ग्रिम्सबीच्या गोदीत
मध्यरात्री बोटींतून मासळी उपसणाऱ्यांना म्हणतात ते.
नॉरिस पिंचबेकचा बाप त्यातलाच.
नाव ऐकून म्हणाला,
‘आधी एक टोपली उचलून दाखव.’
नॉरिसने उचलली.
दुसऱ्या दिवशी तीच बोटं गिटारवर, तारांना खवले.

ब्लूज उसने आणलेले,
मिसिसिपीकाठच्या, कधी न भेटलेल्या माणसांकडून,
तेही न विचारता.
कापसाचं शेत आमच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं.
ग्लेंडा थोर्सबी गायला लागली की वाटायचं,
दुःख परक्याचं असेल,
गारठा तरी आपलाच आहे.
ती दिवसभर कॉड चिरायची.
मायक्रोफोनही सुरीसारखाच धरायची,
पातं स्वतःपासून लांब.

हिशेबाची वही अजून आहे माझ्याकडे.
स्कनथॉर्प: मिळाले चार पौंड, पेट्रोल दोन.
डग्लसच्या ड्रमला नवं कातडं.
चिप्स, पाच जणांत दोन पुडे.
अ‍ॅम्प्लिफायरचा हप्ता.
अ‍ॅम्प्लिफायरचा हप्ता.
अ‍ॅम्प्लिफायरचा हप्ता, बाकी.

रेकॉर्ड एकच. एकाहत्तरचा फेब्रुवारी,
देशात नवी नाणी आली तो आठवडा;
आमच्याकडे जुनीही नव्हती.
बर्फाच्या कारखान्यामागचं रिकामं चॅपल
रात्रीपुरतं भाड्याने घेतलं, दिवस परवडेना.
तिसरं गाणं. नॉरिस शेवटचा सूर
तार ताणून धरून ठेवतो,
पहाटेचे चार वाजतात,
आणि कारखान्याचा भोंगा.
त्याच सुरात! केसभर खाली,
आणि ग्लेंडा त्याला गाठायला
जिना उतरावा तशी खाली उतरते.
टेपवाला हातवारे करत राहिला.
टेप संपत आली होती, पैसे त्याआधीच.

पाचशे प्रती. त्यातल्या तीनशे चाळीस
ओडलिंगांच्या कोळशाच्या खोलीत ओल येऊन गेल्या.

फुटलात कसे, हे लोक फार विचारतात.
काय सांगू? दारू नाही, प्रेमप्रकरण नाही,
साधं भांडणही झालं नाही, याचीच लाज वाटते.
डॉनकास्टरच्या अलीकडे गाडी बंद पडली.
अ‍ॅल्विन म्हणाला, सहाची पाळी आहे माझी,
आणि पहिली बस धरली. मग डग्लसने दुसरी.
नॉरिस गिटार पाठीला लावून चालतच निघाला.
ग्लेंडाने बुटातला खडा काढला,
बूट घातला,
‘बरंय मग,’ म्हणाली.
अ‍ॅम्प्लिफायर राहिला माझ्यापाशी.
अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

आता म्हणे ओसाकाच्या एका दंतवैद्याने
त्यातली एक प्रत घेतली,
माझ्या सतरा महिन्यांच्या पेट्रोलपेक्षा जास्त मोजून.
पोरांची पत्रं येतात:
तो शेवटचा आवाज कुठल्या यंत्राचा?
स्वीडनच्या एका बँडने तीन गिटारी लावून
तो जवळजवळ काढलाय.
मी एका शब्दात कळवतो: वाफ.
त्यांना वाटतं, म्हातारा गुपित राखतोय.

कारखाना बंद पडला. भोंगा भंगारात गेला,
किलोच्या भावाने.

नॉरिसला पुरून आलो त्या दुपारी
त्याची बहीण आयव्ही, बर्फवाल्या हॅरल्डची विधवा,
जिच्या मते आमची गाणी म्हणजे पत्रे बडवणं,
मला म्हणाली,
‘ते तिसरं लाव. पहिल्यापासून नको.
सुई शेवटाकडे ठेव.’

ठेवली.

भोंगा झाला.
खोलीतल्या सगळ्या म्हाताऱ्या गप्प.
एकीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
आयव्ही खुर्चीचा दांडा धरून उठली,
आत गेली,
आणि कुणी चहा मागितला नसताना
किटली चढवल्याचा आवाज आला.