व साथी

बँकेत एक रुपया जास्त निघाला तरी मी रात्री आठपर्यंत थांबते,
बंडलं पुन्हा मोजते.
कॅशियर आहे मी, गड्डीगोदाम शाखा, एकवीस वर्षं.
आणि त्याच पर्समध्ये, डब्याच्या शेजारी
एक पेनड्राइव्ह: साडेचार हजार गाणी,
एकाचेही पैसे दिलेले नाहीत.

बर्डीवर, मोदी नंबर तीनच्या गल्लीत
पोरगा विचारायचा, ताई, जुनी टाकू का नवी?
दोन जीबीचे वीस रुपये.
मी म्हणायची, पंधरा घे ना बे.
चोरीच्या मालातही घासाघीस.

बाबा बँजो वाजवायचे. दसरथ गजभिये.
दिवसा मिलमध्ये, रात्री ज्या पार्टीचं बोलावणं येईल तिथं.
एकोणनव्वदच्या मे महिन्यात इतवारीतल्या एका माडीवर
कॅसेट भरली, आठ गाणी.
आवाज येतो म्हणून कूलर बंद,
भिंतींना चादरी, शेचाळीस अंशांत पाच माणसं,
बोटांचा घाम पुसायला बाबांच्या मांडीवर
आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा.
दीडशे रुपये मिळाले,
त्यातून येता येता आलुबोंड्यांचा पुडा.
कव्हरवर गायकाचा फोटो, कंपनीचा शिक्का,
आणि खाली बारीक अक्षरात: व साथी.
मी तिसरीत होते. मला वाटलं,
वसाथी हे कोणाचं तरी आडनाव आहे.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या रस्त्यावर तीच कॅसेट
दहा रुपयांना, झेरॉक्स कव्हर, गायकाचं तोंड काळं.
कंपनीची तीसला होती.
आई भडकली. बाबा गर्दीत उभे राहून ऐकत होते.
"काऊन तोंड पाडतं? वाजून तर राहिली ना."
आणि खिशातून दहा रुपये काढून
स्वतःचीच नक्कल विकत घेतली.

पुढे असली गेली, नकलीही गेली, टेपनं गिळली.
बाबा गेले, कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.
कंपनीच्या जागी आता चष्म्यांचं दुकान.
पैसे भरून ऐकायच्या प्रत्येक ॲपवर शोधलं,
भरले मी पैसे, शप्पथ,
गाणं नाही.

मग रात्री दीड वाजता,
जिथं बोट लावलं की आधी तीन लॉटऱ्या लागतात
तशा एका ठिकाणी सापडलं.
गायकाचं नावही चुकलेलं.
कोणीतरी घरात टेप लावून समोर मोबाइल धरला असणार.
पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी,
एक म्हातारी म्हणते, "दार लाव वं, मांजर येते."
आणि दोन मिनिटं अकरा सेकंदांवर,
मांजरीच्या जरा नंतर,
बाबा.

उतरवलं. अर्थातच उतरवलं.
चार वेळा ऐकलं, कूलर बंद करून.
फाइलला नाव दिलं: वसाथी.

भाचा निहाल वकिली शिकतो. म्हणाला,
मावशी, हक्क कंपनीचा, साठ वर्षं.
कंपनी चष्मे विकते रे.
तरीही, म्हणाला.
त्याचं बरोबर आहे. मीच नाही का रोज
काचेमागून लोकांना सांगत,
काका, सही जुळत नाही, पैसे मिळणार नाहीत.

आणि बाकीची साडेचार हजार?
त्यांतही कुठंतरी कोणाचा तरी बाप
लुगड्याला बोटं पुसत असेल.
हे त्या रात्री कळलं असं म्हणणं सोपं आहे.
आधीपासून कळत होतं.
पेनड्राइव्ह अजून पर्समध्येच आहे.

मांजरवाल्या घराचा पत्ता हवाय मला.
पोलिसांत द्यायला नाही.
विचारायचंय, कॅसेटची दुसरी बाजू आहे का.
तिच्यात बाबा तीन गाण्यांत आहेत.